हाताने चालणारी स्क्रिप्ट क्रॉनवर का अडते: देखभालीची कामे वेळापत्रकावर सोपवण्याचा योग्य क्रम

युनिक्स पद्धतीच्या संगणकावर देखभालीचे एखादे काम आपोआप व्हावे असे ठरले की बहुतेक जण आधी क्रॉनटॅब, म्हणजे ठरलेल्या वेळी कमांड चालवणाऱ्या ‘क्रॉन’ या कार्यक्रमाचे वेळापत्रक, उघडतात, वेळेची ओळ लिहितात आणि काम रात्री झाले की नाही हे पाहण्यासाठी सकाळची वाट पाहतात. सकाळी काहीच झालेले नसते, किंवा अर्धवट झालेले असते, आणि मग त्याच ओळीत फेरफार करण्यात पुढचे दिवस जातात. दोष बहुधा त्या ओळीत नसतो. वेळेची ओळ ही या कामातली सर्वांत सोपी आणि सर्वांत शेवटी लिहायची गोष्ट आहे. तिच्या आधीचे सहा टप्पे वगळले गेल्यामुळे काम अडलेले असते. म्हणून पुढे दिलेला क्रम तसाच पाळावा.

या लेखात कमांड, त्यांचे पर्याय आणि फाइलींची नावे उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिली आहेत. यंत्रावर ती रोमन लिपीत टंकायची आहेत, आणि वेगळे सांगितले नसेल तेथे लहान अक्षरांत. आकडेही तेथे इंग्रजीच लागतात.

## टप्पा १: कामांची यादी करा आणि कोणते काम कोणावर अवलंबून आहे ते ठरवा

संगणक उघडण्यापूर्वी कागदावर यादी करावी. प्रत्येक कामापुढे पाच गोष्टी लिहाव्यात: ते किती दिवसांनी व्हायला हवे, एका वेळी साधारण किती वेळ चालते, कोणत्या वापरकर्त्याच्या अधिकाराने चालले पाहिजे, एक वेळ चुकली तर काय बिघडते, आणि चुकून लागोपाठ दोनदा चालले तर काय बिघडते. शेवटच्या प्रश्नाचे उत्तर ‘काहीच नाही’ असे देता येईल अशी स्क्रिप्ट (कमांड क्रमाने लिहिलेली फाइल) लिहिणे हे आपले ध्येय असले पाहिजे, कारण वेळापत्रकावरचे काम कधीतरी दोनदा चालतेच.

यादी झाली की त्यांपैकी कोणती कामे प्रणाली आधीच करत आहे ते पाहावे. लिनक्सच्या बहुतेक वितरणांत जुन्या लॉग फाइली आळीपाळीने बाजूला काढणारे ‘लॉगरोटेट’ बसवलेले असते. ‘सिस्टमडी’ (लिनक्सवर सेवा सुरू करणारी आणि सांभाळणारी व्यवस्था) असलेल्या यंत्रावर तात्पुरत्या फाइलींची सफाई ‘सिस्टमडी-टेम्पफाइल्स’ करते. फ्रीबीएसडीवर दैनिक, साप्ताहिक आणि मासिक देखभालीचा संपूर्ण संच ‘पिरिऑडिक’ नावाने चालतो. तेच काम स्वतःच्या स्क्रिप्टने पुन्हा केल्यास एकाच लॉग फाइलीवर दोन व्यवस्था हात घालतात आणि दोन्ही बिघडतात.

आता अवलंबन. समजा, बॅकअप घेणे आणि जुने बॅकअप काढून टाकणे अशी दोन कामे आहेत. पुष्कळ जण पहिले काम २ वाजता आणि दुसरे ३ वाजता लावतात, आणि तासाभरात पहिले संपेलच असे गृहीत धरतात. डेटा वाढत जातो, एका रात्री बॅकअपला सव्वा तास लागतो, आणि सफाई त्याच्या अर्ध्यावर येऊन धडकते. एकमेकांवर अवलंबून असलेली कामे घड्याळाने जोडू नयेत. ती एकाच स्क्रिप्टमध्ये, एकामागून एक, आणि पहिले यशस्वी झाले तरच दुसरे अशा अटीने लिहावीत.

तपासणी: यादीतल्या दोन कामांपैकी एक दुसऱ्याच्या निकालावर अवलंबून असेल आणि तरीही त्यांना दोन स्वतंत्र वेळा दिल्या असतील, तर पुढे जाऊ नका.

## टप्पा २: स्क्रिप्ट अशी लिहा की ती चुकल्यावर थांबेल

पहिल्या ओळीत दुभाष्याचा, म्हणजे स्क्रिप्ट वाचून चालवणाऱ्या कार्यक्रमाचा, पूर्ण मार्ग द्यावा. क्रॉन आपल्या लॉगिन शेलचा (कमांड वाचणाऱ्या आपल्या नेहमीच्या कार्यक्रमाचा, उदाहरणार्थ ‘बॅश’चा) विचार करत नाही. तो ओळ ‘बिन’ डिरेक्टरीतील ‘एसएच’कडे देतो, आणि डेबियनसारख्या वितरणांत ‘एसएच’ म्हणजे ‘डॅश’ असतो. बॅशमधील अ‍ॅरे किंवा दुहेरी चौकटी कंस वापरणारी स्क्रिप्ट ‘एसएच’ या शब्दाने सुरू केली तर पहिल्या ओळीत बॅशचे नाव असूनही ती अडते, कारण त्या वेळी पहिली ओळ निव्वळ टिप्पणी ठरते. स्क्रिप्ट तिच्या पूर्ण मार्गाने थेट चालवावी. तसेच ती विंडोजवरच्या संपादकात लिहिली असेल तर प्रत्येक ओळीच्या शेवटी एक जादा अदृश्य चिन्ह राहते आणि दुभाषा सापडत नसल्याची तक्रार येते. ‘फाइल’ ही कमांड स्क्रिप्टवर चालवली की ते चिन्ह आहे की नाही ते कळते.

दुसऱ्या ओळीत ‘सेट -ईयू’ आणि, बॅश असल्यास, त्यासोबत ‘पाइपफेल’ हा पर्याय लावावा. ‘ई’मुळे एखादी कमांड अपयशी ठरल्यावर स्क्रिप्ट थांबते, आणि ‘यू’मुळे किंमत न दिलेले व्हेरिएबल वापरल्यास ती थांबते. ‘पाइपफेल’चे महत्त्व लोकांना उशिरा कळते. डेटाबेसची प्रत काढणाऱ्या कमांडचे आउटपुट पाइपमधून ‘जीझिप’ या मजकूर दाबून लहान करणाऱ्या कमांडकडे पाठवले, आणि पासवर्ड बदलल्यामुळे प्रत निघालीच नाही, तरी ‘जीझिप’ रिकामा मजकूर व्यवस्थित दाबून ठेवतो आणि शून्य हा यशाचा एक्झिट कोड देतो. पाइपचा निकाल एरवी शेवटच्या कमांडवरून ठरतो. परिणामी दररोज नव्या तारखेची, काही बाइटांची, पूर्णपणे निरुपयोगी बॅकअप फाइल तयार होत राहते आणि कुठेही चूक दिसत नाही.

मात्र ‘ई’वर आंधळा विश्वास ठेवू नये. ‘इफ’च्या अटीत, किंवा दुहेरी अँपरसँडच्या डाव्या बाजूला अपयशी ठरलेल्या कमांडमुळे स्क्रिप्ट थांबत नाही. जेथे अपयश महाग पडेल तेथे निकाल स्वतः तपासावा.

बॅकअपची फाइल थेट अंतिम नावाने लिहू नये. ती आधी तात्पुरत्या नावाने लिहावी, ‘जीझिप -टी’ने तिची अखंडता तपासावी, तिचा आकार अपेक्षेपेक्षा फार लहान नाही ना ते पाहावे, आणि मगच त्याच फाइलसिस्टममध्ये ‘एमव्ही’ने नाव बदलावे. नाव बदलण्याची क्रिया एकसंध असते. त्यामुळे अंतिम नावाची फाइल दिसली म्हणजे ती पुरी झालेली आहे, असे खात्रीने म्हणता येते.

### हटवणाऱ्या ओळी

सफाईच्या स्क्रिप्टमधील प्रत्येक हटवणारी ओळ वेगळी काढून वाचावी. नुकसान भरून न येणाऱ्या चुका येथेच होतात.

पहिली चूक रिकाम्या व्हेरिएबलची. ‘आरएम’ या हटवणाऱ्या कमांडला डिरेक्टरीचे नाव व्हेरिएबलमधून दिले, त्यापुढे तिरकी रेघ आणि तारांकन लिहिले, आणि काही कारणाने ते व्हेरिएबल रिकामे राहिले, तर उरते ती मूळ डिरेक्टरी आणि तिच्यातले सर्व काही. ‘सेट -यू’ याला पुरत नाही, कारण व्हेरिएबलला रिकामी किंमत दिलेली असेल तर ते ‘दिलेले’च मानले जाते. महिरपी कंसात नावापुढे अपूर्णविराम (कोलन) आणि प्रश्नचिन्ह लिहिल्यास रिकाम्या किमतीवरही स्क्रिप्ट जागीच थांबते. हटवणाऱ्या प्रत्येक ओळीत ही दोन चिन्हे असलीच पाहिजेत.

दुसरी चूक डिरेक्टरी बदलणाऱ्या ‘सीडी’ची. एका ओळीत ‘सीडी’ आणि पुढच्या ओळीत ‘आरएम’ लिहिले आणि ती डिरेक्टरी त्या दिवशी जोडलेलीच नसेल, तर ‘सीडी’ अपयशी ठरते आणि ‘सेट -ई’ लावलेले नसल्यास ‘आरएम’ आपण उभे असू त्या जागी चालते. पूर्ण मार्ग लिहावा आणि ‘सीडी’ टाळावे.

तिसरी फाइली शोधणाऱ्या ‘फाइंड’ची. ‘-डिलीट’ हा पर्याय ओळीत ज्या ठिकाणी लिहिला जातो त्या ठिकाणी तो अमलात येतो. तो नावाच्या किंवा वयाच्या अटीआधी लिहिला तर अटी तपासण्यापूर्वीच सर्व फाइली जातात. तो नेहमी शेवटी असावा. ‘-एमटाइम +७’चा अर्थ सात दिवसांहून जुन्या असा घेतला जातो; परंतु ‘फाइंड’ वयाचे पूर्ण २४ तासांचे भाग मोजतो आणि उरलेले तास सोडून देतो, म्हणून ही अट प्रत्यक्षात किमान आठ दिवस जुन्या फाइलींना लागू होते. डिरेक्टरीखाली दुसरी डिस्क जोडलेली असू शकते तेथे ‘-एक्सडेव्ह’ लावून शोध त्याच फाइलसिस्टममध्ये रोखावा.

चौथी चूक सर्वांत सभ्य दिसणारी आहे. ‘चौदा दिवसांपेक्षा जुने बॅकअप काढून टाका’ हा नियम वाचायला चोख वाटतो. पण बॅकअप तीन आठवडे बंद पडला, तर हाच नियम शेवटचा चांगला बॅकअपही काढून टाकतो. वयाच्या अटीबरोबर ‘किमान इतक्या ताज्या प्रती शिल्लक राहिल्याच पाहिजेत’ ही अट जोडावी, आणि आजचा बॅकअप तपासून झाल्याशिवाय हटवण्याच्या भागात पाऊलच ठेवू नये.

तपासणी: ‘-डिलीट’च्या जागी ‘-प्रिंट’ लिहून स्क्रिप्ट चालवा आणि आलेली यादी खालपर्यंत वाचा. यादी वाचल्याशिवाय ‘-डिलीट’ परत लावू नका.

## टप्पा ३: जागा, मालकी आणि परवानग्या

रूटच्या (सर्वाधिकार असलेल्या वापरकर्त्याच्या) अधिकाराने चालणारी स्क्रिप्ट वापरकर्त्याच्या होम डिरेक्टरीत ठेवू नये. ज्या कोणाला ती फाइल बदलता येते त्याला पुढच्या ठरलेल्या वेळी रूटचा अधिकार मिळतो. ‘युएसआर’मधील ‘लोकल’, आणि त्याखालील ‘एसबिन’ ही योग्य जागा आहे. मालक रूट, परवानगी ७०० (फक्त मालकाला वाचता, लिहिता आणि चालवता येईल अशी), आणि वरच्या प्रत्येक डिरेक्टरीवर इतरांना लिहिण्याची मनाई, असे असावे. फाइल सुरक्षित पण डिरेक्टरी मोकळी असेल तर फाइल काढून तिथे दुसरी ठेवता येते.

ज्या कामाला रूट लागत नाही ते रूटने चालवू नये. पासवर्ड कमांडच्या ओळीत लिहू नयेत, कारण ‘पीएस’ (चालू प्रक्रिया दाखवणारी कमांड) चालवणाऱ्या इतर वापरकर्त्यांना बहुतेक यंत्रांवर ते दिसतात. ते ६०० परवानगीच्या (फक्त मालकाला वाचता-लिहिता येणाऱ्या) वेगळ्या फाइलीत ठेवावेत.

## टप्पा ४: क्रॉनच्या तुटपुंज्या परिसरात चाचणी घ्या

हाताने नीट चालणारी स्क्रिप्ट क्रॉनवर अडते याचे मुख्य कारण या टप्प्यात आहे. आपण टर्मिनलमध्ये बसतो तेव्हा लॉगिनच्या वेळी वाचल्या गेलेल्या फाइलींनी आपल्याभोवती एक सुखसोयींचा परिसर उभा केलेला असतो: लांबलचक ‘पाथ’ (कमांड शोधायच्या डिरेक्टरींची यादी), अलियास, भाषेची निवड, एसएसएचची (दूरच्या यंत्राशी सुरक्षित जोडणी करणाऱ्या कमांडची) उघडलेली किल्ली. क्रॉन यातले काहीच आणत नाही. डेबियनवर वापरकर्त्याच्या क्रॉनटॅबसाठी ‘पाथ’ फक्त ‘युएसआर’खालचे ‘बिन’ आणि मुळातले ‘बिन’ एवढाच असतो. त्यामुळे ‘एसबिन’मधील कमांड आणि ‘लोकल’खाली स्वतः बसवलेले कार्यक्रम सापडत नाहीत.

उपाय साधा आहे. स्क्रिप्टच्या सुरुवातीलाच ‘पाथ’ हे व्हेरिएबल, मोठ्या अक्षरांत, पूर्णपणे लिहावे. मजकुराची क्रमवारी लावणारी कामे असतील तर भाषेचे व्हेरिएबलही ठरवून द्यावे, कारण ‘सॉर्ट’चा क्रम भाषेनुसार बदलतो आणि दोन याद्यांची तुलना फसते.

मग चाचणी. ‘एन्व्ह -आय’ने सर्व व्हेरिएबले काढून टाकून, फक्त ‘होम’ (हेही मोठ्या अक्षरांत) आणि वरचा तोकडा ‘पाथ’ देऊन, आणि इनपुट ‘डेव्ह’मधील ‘नल’कडून घेऊन स्क्रिप्ट चालवावी. इनपुट तोडणे आवश्यक आहे. क्रॉनच्या कामाला टर्मिनल नसते, म्हणून ‘सुडो’ पासवर्ड विचारू लागला, पॅकेज बसवणारी कमांड ‘हो की नाही’ असे विचारू लागली, किंवा एसएसएचने किल्लीचा परवलीचा शब्द मागितला, तर उत्तर द्यायला कोणीही नसते. असे प्रश्न न विचारण्याचे पर्याय त्या त्या कमांडला असतात. ते आधीच लावावेत.

एक्झिट कोड पाहावा. १२७ म्हणजे कमांड सापडली नाही, येथे बहुधा ‘पाथ’ची चूक असते. १२६ म्हणजे सापडली, पण चालवता आली नाही. येथे परवानगी पाहावी.

सावधान: ही चाचणी ‘अ‍ॅट’ कमांडने घेऊ नये. ‘अ‍ॅट’ आपल्या चालू शेलमधील जवळजवळ सर्व व्हेरिएबले आणि चालू डिरेक्टरी सोबत घेऊन जाते. तिथे यश मिळाले तरी क्रॉनबद्दल काहीच सिद्ध होत नाही.

## टप्पा ५: कुलूप आणि कालमर्यादा

दर १० मिनिटांनी चालणारे काम एखाद्या दिवशी २५ मिनिटे चालले, तर क्रॉन पहिले संपण्याची वाट पाहत नाही. दुसरे सुरू होते, मग तिसरे. डिस्कवरचा ताण वाढतो, त्यामुळे प्रत्येक काम आणखी मंदावते, आणि सकाळपर्यंत यंत्र प्रतिसाद देईनासे होते.

‘फाइल अस्तित्वात असेल तर बाहेर पडा, नसेल तर तयार करा’ असे घरगुती कुलूप पुष्कळ स्क्रिप्टमध्ये दिसते. त्यात दोन दोष आहेत. पाहणे आणि तयार करणे यांच्या मधल्या क्षणात दुसरी प्रत घुसू शकते. आणि यंत्र मध्येच बंद पडले तर ती फाइल मागे राहते आणि काम कायमचे बंद होते. लिनक्सवर ‘एफलॉक -एन’ वापरावे. त्याचे कुलूप कर्नल (प्रणालीचा गाभा) सांभाळतो आणि प्रक्रिया कशीही संपली तरी ते सुटते. फ्रीबीएसडीवर त्याच कामासाठी ‘लॉकएफ’ आहे. त्याला ‘-टी ०’ दिले की ते थांबून राहत नाही. स्क्रिप्ट एखादी प्रक्रिया पार्श्वभूमीत सोडून जात असेल तर ती प्रक्रियाही कुलूप धरून बसते, हे लक्षात ठेवावे.

कुलूप लावले की अडकलेले काम पुढच्या सर्व फेऱ्या रोखते, म्हणून त्याच्या जोडीला ‘टाइमआउट’ हवे. नेहमीच्या वेळेच्या तिप्पट मर्यादा मला योग्य वाटते. मर्यादा ओलांडल्यावर ही कमांड १२४ हा कोड देते. जड कामांना ‘नाइस -एन १९’ लावावे, म्हणजे इतर कामांना प्रोसेसर आधी मिळतो.

## टप्पा ६: नोंदी कुठे जातील ते आधी ठरवा

क्रॉनवरच्या कामाने काही छापले की क्रॉन ते त्या वापरकर्त्याला मेलने पाठवू पाहतो. यंत्रावर मेल पोचवणारा कार्यक्रमच नसेल तर तो मजकूर टाकून दिला जातो, आणि आजच्या बहुतेक यंत्रांवर तो नसतो. म्हणून नोंदीची फाइल स्वतः ठरवावी. स्क्रिप्टने सुरू झाल्याची वेळ, संपल्याची वेळ आणि एक्झिट कोड या तीन गोष्टी प्रत्येक फेरीत लिहाव्यात.

आउटपुट वळवताना क्रम महत्त्वाचा आहे. आधी फाइलीकडे वळवायचे, आणि नंतर ‘२’, ‘पेक्षा मोठे’चे चिन्ह, अँपरसँड, ‘१’ असे सलग लिहून चुकांचा प्रवाह त्याच फाइलीकडे न्यायचा. हे उलट लिहिले तर चुका जुन्याच ठिकाणी जातात आणि फाइलीत फक्त गोड बातम्या उरतात. चुकांचा प्रवाह ‘डेव्ह’मधील ‘नल’मध्ये टाकण्याची सवय तर पूर्ण सोडावी. मेल फार येतात म्हणून लोक तसे करतात. ज्या चुकीमुळे मेल येतात ती मात्र तशीच राहते.

ही नवी लॉग फाइल ‘लॉगरोटेट’च्या यादीत घालावी आणि ‘लॉगरोटेट -डी’ने प्रत्यक्ष बदल न करता निकाल पाहावा. सेटिंगची फाइल गटाला किंवा इतरांना लिहिता येत असेल तर ‘लॉगरोटेट’ ती वाचत नाही.

येथे एक संबंधित घोटाळा सांगणे भाग आहे. डिस्क भरली म्हणून मोठी लॉग फाइल ‘आरएम’ने काढली, पण ‘डीएफ’ या डिस्कवरची जागा दाखवणाऱ्या कमांडमध्ये जागा मोकळी झालीच नाही, असे वारंवार घडते. ज्या सेवेने ती फाइल उघडून ठेवली आहे ती सेवा फाइल बंद करेपर्यंत जागा सुटत नाही. ‘एलएसओएफ’ला अधिक चिन्ह, मोठ्या अक्षरातील ‘एल’ आणि १ दिले की अशा नाव गेलेल्या पण उघड्या फाइली दिसतात. ‘डीएफ’मध्ये जागा शिल्लक दिसत असूनही डिस्क भरल्याची तक्रार येत असेल तर ‘डीएफ -आय’ने आयनोड (प्रत्येक फाइलीला लागणाऱ्या, मर्यादित संख्येच्या नोंदी) संपले आहेत का ते पाहावे.

## टप्पा ७: आता वेळेची ओळ लिहा

आधी ‘क्रॉनटॅब -एल’चे आउटपुट फाइलीत जतन करावे. ‘-ई’ म्हणजे संपादन आणि ‘-आर’ म्हणजे संपूर्ण क्रॉनटॅब पुसणे. ही दोन अक्षरे कीबोर्डवर शेजारी आहेत आणि लिनक्सवर ‘-आर’ काही न विचारता पुसून मोकळा होतो. माझी पद्धत अशी आहे की ओळी एका साध्या फाइलीत लिहायच्या, तिचे जुने अवतार जपून ठेवायचे, आणि ‘क्रॉनटॅब’ला त्या फाइलीचे नाव देऊन ती भरायची. ‘-ई’ला हात लावण्याची वेळच येत नाही.

ओळीत पाच रकाने असतात: मिनिट ० ते ५९, तास ० ते २३, महिन्याची तारीख १ ते ३१, महिना १ ते १२, आणि वार ० ते ७, ज्यात ० आणि ७ दोन्ही रविवार. ‘३० ४ * * *’ म्हणजे रोज पहाटे ४ वाजून ३० मिनिटे. पहिले दोन रकाने उलट लिहिले की ‘४ ३०’ होते. तो तास अस्तित्वातच नसल्याने नोंद नाकारली जाते. पण ‘५ ४’ आणि ‘४ ५’ यांची अदलाबदल कोणीच पकडत नाही.

तारीख आणि वार हे दोन्ही रकाने भरले तर क्रॉन दोन्ही जुळण्याची वाट पाहत नाही. कोणताही एक जुळला की काम चालवतो. दुसऱ्या रविवारी चालवण्यासाठी तारीख ८-१४ आणि वार ० लिहिले, तर काम ८ ते १४ दररोज आणि शिवाय प्रत्येक रविवारी चालेल. येथे तारीख ८-१४ ठेवावी, वाराच्या रकान्यात तारांकन (म्हणजे ‘कोणताही’) लिहावे, आणि आज रविवार आहे का हे स्क्रिप्टमध्येच ‘डेट’ कमांडने तपासावे.

ती तपासणी ओळीतच लिहायची असेल तर टक्केचिन्ह सांभाळावे. क्रॉनटॅबमध्ये मोकळे टक्केचिन्ह म्हणजे नवी ओळ. तारखेचा नमुना लिहिताना प्रत्येक टक्केचिन्हाआधी उलटी तिरकी रेघ हवी, नाहीतर कमांड तेथेच तुटते. फाइलीची शेवटची ओळ एंटर देऊन संपवावी.

‘तारांकन, तिरकी रेघ, ७’ म्हणजे दर सात मिनिटांनी असे नव्हे. मोजणी प्रत्येक तासाला शून्यापासून सुरू होते, त्यामुळे ५६ नंतरची फेरी चारच मिनिटांनी येते. ज्या प्रदेशांत वर्षातून दोनदा घड्याळ पुढे-मागे होते तेथे पहाटे १ ते ३ या वेळा टाळाव्यात. आणि सर्व्हरचे घड्याळ आपल्या प्रमाणवेळेवर आहे की यूटीसीवर, हे ‘डेट’ चालवून आधीच पाहावे.

‘ईटीसी’ डिरेक्टरीतील सामाईक क्रॉनटॅबमध्ये आणि ‘क्रॉन डॉट डी’मधील फाइलींत वेळेनंतर वापरकर्त्याच्या नावाचा सहावा रकाना लागतो. तो विसरला तर कमांडचा पहिला शब्दच वापरकर्त्याचे नाव समजला जातो. वैयक्तिक क्रॉनटॅबमध्ये हा रकाना नसतो.

सावधान: ‘क्रॉन डॉट डेली’ या रोज चालवायच्या स्क्रिप्टच्या डिरेक्टरीत स्क्रिप्ट ठेवणार असाल तर डेबियन आणि त्यावर बेतलेल्या वितरणांत तिच्या नावात टिंब नको. तेथे फाइली निवडणारे ‘रन-पार्ट्स’ टिंब असलेली नावे मुकाट्याने वगळते, म्हणून ‘एसएच’ हे शेपूट असलेली ‘बॅकअप’ कधीच चालत नाही. ‘रन-पार्ट्स’ला ‘टेस्ट’ हा पर्याय देऊन तुमच्या फाइलीचे नाव यादीत येते का ते पाहा.

## टप्पा ८: यंत्र रात्री बंद असते का?

क्रॉन चुकलेली वेळ भरून काढत नाही. पहाटे ४ला लॅपटॉप बंद असेल तर ते काम त्या दिवशी झाले नाही, इतकेच.

लिनक्सवर ‘अनाक्रॉन’ शेवटच्या फेरीची तारीख लक्षात ठेवते आणि यंत्र सुरू झाल्यावर राहिलेले काम उरकते. त्याचे सर्वांत लहान माप एक दिवस आहे. ‘सिस्टमडी’चे टायमर अधिक नेमके असतात. त्यात कामाची आणि वेळेची अशा दोन फाइली लिहाव्या लागतात. ‘ऑनकॅलेंडर’ने (‘ओ’ आणि ‘सी’ मोठे) वेळ द्यावी आणि ‘पर्सिस्टंट’ (‘पी’ मोठे) हे ‘ट्रू’ करावे, म्हणजे चुकलेली फेरी भरून निघते. ‘सिस्टमडी-अ‍ॅनलाइझ कॅलेंडर’ ही कमांड वेळेची अभिव्यक्ती वाचून पुढची फेरी कधी येईल ते सांगते. तेथे तीन चुका नेहमी दिसतात: टायमरऐवजी सर्व्हिस चालू करणे, कामाच्या ओळीत पाइप किंवा आउटपुट वळवण्याची चिन्हे लिहिणे, जी चालत नाहीत कारण ती ओळ शेलमधून जात नाही, आणि वापरकर्त्याचा टायमर लावून लॉगआउट होणे, ज्यामुळे ‘लिंगर’ (लॉगआउटनंतरही वापरकर्त्याची कामे चालू ठेवण्याची सोय) चालू केले नसेल तर टायमरही थांबतो.

फ्रीबीएसडीवर ‘पिरिऑडिक’ची कामे पहाटे चालतात, दैनिक ३ वाजून १ मिनिटाने. बदल ‘ईटीसी’मधील ‘पिरिऑडिक डॉट कॉन्फ’मध्ये लिहावेत, ‘डिफॉल्ट्स’मधील त्याच नावाच्या फाइलीला हात लावू नये, कारण प्रणाली अद्ययावत करताना ती बदलली जाते. मॅकओएसवर ‘लाँचडी’ला दिनदर्शिकेप्रमाणे दिलेले काम यंत्र झोपेत असताना चुकले तर जागे झाल्यावर चालते, पण यंत्र पूर्ण बंद असेल तर ती फेरी जाते.

## टप्पा ९: पहिला आठवडा, आणि ‘न झालेल्या’ कामाचा पहारा

पहिल्या दिवशी वेळ पाच मिनिटे पुढची देऊन समोर बसून फेरी पाहावी, मग खरी वेळ द्यावी. डेबियनवर क्रॉनच्या नोंदी ‘जर्नलसीटीएल’मध्ये किंवा सिसलॉगमध्ये दिसतात, रेड हॅटच्या कुळात ‘व्हार’मधील ‘लॉग’खाली ‘क्रॉन’ नावाची फाइल असते. त्यातील ओळ कमांड सुरू झाल्याचे सांगते. ती यशस्वी झाली की नाही, हे त्यातून कळत नाही. त्यासाठी टप्पा ६मधील आपली नोंद वाचावी.

आठवडाभर रोज तीन गोष्टी पाहाव्यात: एक्झिट कोड, लागलेला वेळ, आणि तयार झालेल्या फाइलीचा आकार. आकार अचानक कमी झाला असेल तर कोड शून्य असला तरी थांबून कारण शोधावे.

चूक झाल्यावर येणारी सूचना पुरेशी नाही, कारण काम सुरूच झाले नाही तर चूक कळवायला कोणी उरत नाही. क्रॉन बंद पडला, क्रॉनटॅब पुसला गेला, वापरकर्त्याच्या पासवर्डची मुदत संपल्याने फेरी नाकारली गेली, यांपैकी काहीही झाले तरी बाहेरून फक्त शांतता दिसते. म्हणून स्क्रिप्टने सर्व काही यशस्वी झाल्यावर, अगदी शेवटच्या ओळीत, एका रिकाम्या फाइलीला ‘टच’ करावे, म्हणजे तिच्या बदलाची वेळ ताजी होते. दुसऱ्या यंत्रावरून, किंवा निदान वेगळ्या व्यवस्थेतून, त्या फाइलीचे वय तपासावे आणि रोजच्या कामासाठी ते २६ तासांहून अधिक झाले की सूचना यावी. हा पहारा त्याच क्रॉनटॅबमध्ये ठेवला तर दोघे एकदमच बंद पडतील.

शेवटची तपासणी: स्क्रिप्टमधील बॅकअपच्या जागेचा मार्ग मुद्दाम चुकीचा लिहा आणि ठरलेल्या वेळी फेरी होऊ द्या. हटवण्याचा भाग चालला नाही, नोंदीत शून्याखेरीज दुसरा कोड आला, ‘टच’ची फाइल जुनीच राहिली आणि २६ तासांनी सूचना तुमच्यापर्यंत पोचली, तर मार्ग पूर्ववत करा. मग सर्वांत ताजा बॅकअप एका रिकाम्या डिरेक्टरीत उलगडून त्यातली एखादी फाइल उघडून वाचा. यांपैकी एक जरी गोष्ट घडली नाही, तरी ज्या टप्प्याची ती आहे त्या टप्प्यावर परत जा, आणि तोपर्यंत हटवण्याच्या ओळीत ‘-डिलीट’ऐवजी ‘-प्रिंट’च राहू द्या.